फियाट परवडते का?

तर झालं असं, की गेल्या महिन्यात एका रात्री भाचीचा फोन आला. शिक्षण संपवून ती आता मिहानमध्ये नोकरीला लागलीय, पहिला पगार झाला, दुसरा झाला, आणि तिसऱ्या पगाराला माणसाला जे होतं ते तिला झालं.

"मामा, मी गाडी घेऊन राहिले."

"अरे वा! कोणती?"

"पद्मिनी."

मला आधी वाटलं मैत्रिणीचं नाव सांगतेय. मग कळलं की ती प्रीमियर पद्मिनीबद्दल, म्हणजे आपल्या फियाटबद्दल बोलतेय. धरमपेठेत कुणाच्या तरी बंगल्यात १९७४ सालची उभी आहे, मालक म्हातारे झालेत, मुलं परदेशात, अडीच लाख म्हणतात. "नवीन गाडीच्या ईएमआयपेक्षा स्वस्त पडेल ना मामा? शिवाय काय दिसते!"

आता हा प्रश्न तिने नेमका मलाच का विचारला, तर माझी स्वतःची पहिली गाडी फियाटच होती. २००३ साली घेतलेली १९८३ ची पद्मिनी, बत्तीस हजार रुपये रोख. तेव्हा मी कुठल्याही 'क्लासिक'च्या प्रेमात वगैरे नव्हतो. नोकरी छोट्या कंपनीत होती, पगार कधी वीस तारखेला व्हायचा, आणि बत्तीस हजारात चार चाकं, छप्पर आणि आई-बाबा मावतील एवढी जागा देणारी दुसरी कुठलीही गोष्ट बाजारात नव्हती. थोडक्यात काय, मी फियाट निवडली नव्हती. परवडली ती घेतली.

पण "परवडली" या शब्दामागे बरीच भानगड आहे. भाचीला फोनवर "उद्या सांगतो" म्हणालो आणि तो शनिवार-रविवार या गाडीचा इतिहास आठवण्यात आणि धुंडाळण्यात गेला. त्याचा हा हिशोब.

सुरुवात आपल्या सोलापूरच्या माणसापासून करायला हवी. वालचंद हिराचंद, जन्म १८८२. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन, विशाखापट्टणमची गोदी, बंगळूरचा विमान कारखाना, वालचंदनगरची साखर, हे सगळं ज्यांच्या नावावर आहे ते. मोटारींचा कारखाना हे त्यांचं जुनं वेड. १९३० च्या दशकात सर विश्वेश्वरय्यांनी भारतात मोटार कारखाना काढायची योजना मांडली तेव्हा वालचंद त्यात होते. ब्रिटिश सरकारला त्यात काडीचा रस नव्हता. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स उभी राहिली, अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार झाला, आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडायला लागल्या. त्या होत्या डॉज, डिसोटो, प्लिमथ. अवाढव्य अमेरिकन धूड! भारतातल्या पगारदार माणसाशी त्यांचा काहीही संबंध नव्हता.

म्हणून पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला प्रीमियरने इटलीच्या फियाटशी हात मिळवला. आधी आली छोटी फियाट ५००, आणि मग १९५४ मध्ये फियाट ११००. ही गाडी इटलीत १९५३ लाच निघाली होती, म्हणजे आपल्याकडे आली तेव्हा ती अगदी ताजी होती. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे ती इतकी शिळी झाली की ती कधी ताजी होती हेच लोक विसरले. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढेमागे सलग बाक. सुरुवातीच्या मॉडेलांचे पुढचे दरवाजे उलटे, मागच्या बाजूला बिजागरी असलेले. साठच्या दशकात इटलीतल्या ११००-डी वरून बेतलेली चौकोनी 'डिलाईट' आली. आपण आज 'फियाट' म्हटल्यावर जी डोळ्यांसमोर आणतो ती हीच.

आणि इथून पुढे घड्याळ थांबलं.

इटलीत ११०० चं उत्पादन १९६९ ला बंद झालं. आपल्याकडे तीच गाडी सत्तरच्या दशकात आधी 'प्रेसिडेंट' झाली, १९७४ पासून 'पद्मिनी' (चित्तोडच्या राणीवरून), आणि थेट २००० सालापर्यंत निघत राहिली. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर मूळ कंपनीने व्हर्जन मागे घेतलं, आणि आपण तेच व्हर्जन तीस वर्षं प्रॉडक्शनमध्ये चालवलं.

का चालवलं? कारण धोरणच तसं होतं. १९५३ च्या टॅरिफ कमिशनने सांगितलं की इथे टप्प्याटप्प्याने पूर्ण गाडी बनवायची तयारी असेल त्यांनीच थांबावं, नुसती जुळणी करणाऱ्यांनी नाही. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत गाड्या जोडत होती, फोर्डही होती. दोघांनी गाशा गुंडाळला. उरल्या मुख्यतः तीन गाड्या: कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबॅसडर, मद्रासची स्टँडर्ड आणि आपल्या कुर्ल्याची फियाट. परकीय चलन नाही, म्हणून उत्पादन मर्यादित. उत्पादन मर्यादित, म्हणून रांग. आणि रांग आली की रांगेसाठी कायदा आलाच! १९५९ चा मोटारगाड्या वितरण व विक्री नियंत्रण आदेश. गाडी कुणाला आणि कुठल्या क्रमाने मिळणार यावर सरकारची नजर, किमतीवरही नजर. या किमतींचं भांडण इतकं वाढलं की गाडीची रास्त किंमत काय, हे सर्वोच्च न्यायालयाला बघावं लागलं. प्रीमियर ऑटोमोबाईल्स विरुद्ध भारत सरकार, निकाल १९७१ चा. कल्पना करा, आपण आज वेबसाईटवर ऑन-रोड प्राईस बघतो आणि तेव्हा ती न्यायमूर्ती बघत होते.

'परवडणं' म्हणजे काय होतं याचं सगळ्यात चांगलं उदाहरण लालबहादूर शास्त्रींचं. पंतप्रधान झाल्यावर घरच्यांच्या आग्रहावरून गाडी घ्यायचं ठरलं. १९६४ मॉडेलची फियाट, किंमत १२,००० रुपये. खात्यात होते ७,०००. उरलेल्या ५,००० साठी त्यांनी पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज काढलं. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला त्यांचं निधन झालं तेव्हा कर्ज फिटायचं होतं. ते ललिता शास्त्रींनी पेन्शनमधून फेडलं. देशाच्या पंतप्रधानाला जी गाडी हप्त्याशिवाय परवडत नव्हती, ती त्या काळातली 'छोटी' गाडी होती!

आता आमच्या घरचं. माझे बाबा शाळेत मास्तर. त्यांनी १९७२ मध्ये फियाटसाठी नाव नोंदवलं होतं. अनामत रकमेचं पोस्टाचं पासबुक मी लहानपणी पाहिलंय, आईच्या लोखंडी कपाटात, लग्नाच्या शालूखाली. महालातल्या दोन खोल्यांत राहणारा मास्तर फियाटसाठी नंबर लावतो, म्हणजे त्यांनी त्या काळी किती मोठी उडी मारली असेल! पत्र आलं १९७९ ला. नेमकं त्याच वर्षी आत्याचं लग्न ठरलं. बाबांनी नंबर सोडला, अनामत काढून घेतली आणि त्या पैशात मांडवाचं भाडं आणि आचारी झाला. याबद्दल ते कधी एक शब्द बोलले नाहीत. फक्त रस्त्यात फियाट दिसली की नंबर प्लेट वाचायचे. मोठ्याने.

मग १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली आणि सगळा खेळच बदलला. रांगा तिच्याही लागल्या, पण दहाएक वर्षांत जुन्या फियाट सेकंडहँड बाजारात यायला लागल्या आणि त्यांच्या किमती घसरू लागल्या. म्हणजे बघा, १९७२ ला सात वर्षं थांबून न मिळालेली गाडी २००३ ला मला एका दुपारी सदरमध्ये चहा पिता पिता मिळाली. घरी आणली तेव्हा बाबा फाटकात उभे होते. त्यांनी नंबर प्लेट वाचली. मोठ्याने. :-)

त्यापुढची सहा वर्षं ती माझी रोजची गाडी होती. ऑफिस, भाजी, कोराडीची देवी, रामटेक. लिटरला दहा-अकरा किलोमीटर. दर महिन्याला काहीतरी निघायचं, पण ते काहीतरी दीडशे-दोनशे रुपयांत मिटायचं. सदरमध्ये एक चाचा होते, फियाटच करायचे. पॉइंट घासणं, कार्ब्युरेटर साफ करणं, ब्रेक लावणं, सगळं आपल्या समोर, फुटपाथवर बसून. (चारही चाकांना ड्रम ब्रेक. पावसात भिजले की आधी देवाचं नाव घ्यायचं आणि मग पेडल दाबायचं.)

आणि मग २००५ चा मे महिना. वर्ध्याला लग्न होतं. मी, आई, बाबा. दुपारचा दीड, पारा ४५ च्या वर, आणि बुटीबोरीच्या पुढे गाडीने दोन आचके दिले आणि बंद. काय झालं ते मला लगेच कळलं. फियाटचा पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला, मेकॅनिकल. मागच्या टाकीतून तो पेट्रोल ओढून घेतो. नागपुरी उन्हात इंजिनची धग लागून नळीतल्या नळीतच पेट्रोलची वाफ होते. पंप वाफ ओढत बसतो आणि कार्ब्युरेटर कोरडा राहतो. व्हेपर लॉक. उपाय अगदी सोपा: पंपावर ओलं फडकं ठेवायचं, पाणी शिंपडायचं आणि थांबायचं. चाचांनी शंभरदा बजावलं होतं, मे महिन्यात पाच लिटरचा पाण्याचा कॅन डिकीत असलाच पाहिजे. तो कॅन मी घरी ठेवून आलो होतो. आहेराची भांडी मावत नव्हती म्हणून.

गाडीत एकच बाटली होती, तीही अर्धी. आजूबाजूला झाड नाही. बाबांना बीपी, वय अडुसष्ट. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. बाबा बोलायचे थांबले. चेहरा पांढरा पडला. मी बाटली त्यांच्यापुढे धरली तर म्हणतात, "मला नको. पंपाला घाल."

मी त्यांना पाजलं. तेव्हा ते माझ्यावर चिडले होते, आणि मी रडायच्या बेतात होतो.

एक ट्रक थांबला. ड्रायव्हर उतरला, बॉनेटकडे बघायचीही गरज पडली नाही त्याला. "फियाट आहे ना? उकळलं असेल पेट्रोल." केबिनमागून पाण्याचं पिंप काढलं, गोणपाटाचा तुकडा फाडला, भिजवला, पंपावर दाबून धरला. दहा मिनिटांनी गाडी सुरू. आईने त्याला लग्नाचे लाडू दिले. बाबा संध्याकाळपर्यंत ठीक झाले, पण त्या दिवसानंतर उन्हाळ्यात त्यांना त्या गाडीतून शहराबाहेर मी कधीच नेलं नाही.

तर भाचीचा प्रश्न. त्या दिवशी आम्हाला वाचवलं कुणी? इंजिनियरिंगने नव्हे. एका अनोळखी माणसाला ती गाडी माहीत होती म्हणून आम्ही वाचलो. माझी फियाट स्वस्त होती ती तिच्या किमतीमुळे नाही. स्वस्त होती कारण माझ्यासारखे हजारो लोक तीच चालवत होते, आणि त्यातले सगळ्यात जास्त मुंबईत होते. नव्वदच्या दशकात मुंबईत साठ हजारांच्या आसपास काळ्या-पिवळ्या टॅक्सी होत्या आणि त्यातल्या बहुतेक पद्मिनी. त्या टॅक्सी दिवसरात्र धावायच्या, म्हणून सुटे भाग बनत होते, म्हणून ते नागपूरच्या दुकानातही दोनशे रुपयांत मिळत होते, म्हणून चाचांचं पोट चालत होतं. मी त्या टॅक्सीवाल्यांच्या जिवावर मोटार चालवत होतो, हे मला तेव्हा कळलंच नाही.

मुंबईत टॅक्सीला वयाची मर्यादा आली, आधी पंचवीस वर्षं, मग वीस. ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांत सुंदर फोटो आले, लोक हळहळले. मीही हळहळलो. पण खरं नुकसान फोटोत दिसत नव्हतं. त्या दिवशी या गाडीचा सपोर्ट संपला.

मग मी भाचीसाठी साधा हिशोब मांडला.

एक, कागद. गाडी पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी फिटनेस आणि पुनर्नोंदणी. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांहून जुन्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये, वर पर्यावरण कर. मालक तिला म्हणाले होते, "पन्नास वर्षं झाली, विंटेज नंबर मिळेल." मिळेल की! २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांची खास पाटी मिळते, नव्या नोंदणीला २०,००० रुपये. पण त्याच नियमात आहे की अशी गाडी रोज रस्त्यावर चालवायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. म्हणजे क्लासिक म्हणून मान घेतला की रोजची गाडी म्हणून ती बाद.

दोन, पेट्रोल. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं मिश्रण मिळतं. जुन्या रबरी नळ्या, डायफ्रॅम, गॅस्केट हे सगळं त्या काळच्या पेट्रोलसाठी बनलेलं. ते बदलून घ्यावं लागणार आणि त्यावर लक्ष ठेवावं लागणार.

तीन, जीव. २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस आणि चालकाची एअरबॅग सक्तीची आहे. १९७४ च्या गाडीत मुळात सीटबेल्टही नाही. नव्याने शिकलेली पोरगी, वर्धा रोडचे ट्रक आणि चार ड्रम ब्रेक. मामा म्हणून मला इथेच थांबायचं होतं.

पण थांबलो नाही. म्हटलं, प्रत्यक्ष बघू. रविवारी तिला घेऊन सदरला गेलो. गॅरेज आहे अजून. चाचांचा मुलगा बसतो, हातात स्कॅनर, समोर नव्या गाड्या. चाचा आत खुर्चीवर. सत्तरी कधीच ओलांडलेली. मी ओळख दिली, त्यांनी माझ्या गाडीचा नंबर सांगितला! भाचीचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बेटा, पार्ट तो मुंबई से मँगा लेंगे. लगाएगा कौन? मेरे घुटने देख." मग मुलाकडे बोट दाखवून, "इसको पॉइंट घिसना नहीं आता. इसकी गलती नहीं है, इसके टाइम में गाडी आई ही नहीं."

परत येताना भाची गप्प होती. शंकरनगर चौकात सिग्नलला म्हणाली, "मामा, आजोबा असते तर घे म्हणाले असते ना? त्यांची तर ड्रीम कार होती."

मी तिला पासबुकाची गोष्ट सांगितलेली होती, त्यामुळे तिला तसं वाटणं साहजिक होतं. मी बराच विचार केला आणि खरं ते सांगितलं. आजोबांना फियाट जुनी म्हणून नको होती गं. त्यांना ती नवी म्हणून हवी होती. त्यांच्या लेखी ती त्या काळातली सगळ्यात शहाणी, सगळ्यात काटकसरीची गाडी होती, जिच्यात बायकोमुलांना घेऊन उन्हातान्हात सुखरूप जाता येईल. आज ते असते तर त्यांनी दुकानात जाऊन वॉरंटी किती वर्षांची ते विचारलं असतं.

आपण ज्याला क्लासिक म्हणतो ते कुणीतरी एकेकाळी पोटाला चिमटा काढून घेतलेलं साधं रोजचं वाहन होतं. शास्त्रींनी काय किंवा त्या टॅक्सीवाल्यांनी काय, कुणीही ती हौस म्हणून घेतली नव्हती. हौस आता आहे, आणि हौसेला मोल असतंच. ते मोल द्यायची तयारी असेल तर खुशाल घ्यावी. फक्त "स्वस्तात पडते" असं स्वतःला सांगू नये.

असो. निकाल काय लागला म्हणाल, तर भाचीने चार वर्षं जुनी एक छोटी हॅचबॅक घेतली, एअरबॅगवाली. ऑफिसला तीच नेते. धरमपेठेतले काका थांबायला तयार आहेत, त्यांनाही गाडी भंगारात जायला नकोच आहे. आणि दर रविवारी सकाळी ही बया सदरला जाते. चाचा खुर्चीवरून सांगतात, ही आणि चाचांचा मुलगा दोघं मिळून एका जुन्या इंजिनवर हात काळे करतात. परवा तिने फोटो पाठवला, वर्तमानपत्रावर उघडून ठेवलेला कार्ब्युरेटर, खाली लिहिलंय "जोडता आला!!!"

वर्षभराने तिचं मत टिकलं तर ती पद्मिनी घेईल. तेव्हा मी आड येणार नाही. पाच लिटरचा कॅन मात्र आत्ताच देऊन टाकलाय.